दोन ठोके येईपर्यंत

१

अक्षर वाकडंतिकडं आहे, सांभाळून घ्या. डाव्या हातानं लिहितोय, कारण उजवा कामात आहे. कसल्या कामात, ते पुढे येईलच. आत्ताच सांगितलं तर तुम्ही उठून जाल, आणि मग मी ही गोष्ट कुणाला ऐकवू, आमच्या हिला? ती पहिल्या वाक्याला जांभई देते आणि दुसऱ्याला घोरते.

आमच्या गावात एक दगडी चर्च आहे. अँग्लिकन. म्हणजे काय ते मला विचारू नका. शाळेनं मला आणि मी शाळेला फार लवकर सोडलं. पाळकसाहेबांना विचारलंत तर तेही खोकून विषय बदलतील. मला एवढंच ठाऊक, की चर्च माझ्यापेक्षा म्हातारं आहे आणि माझ्यासारखंच एका अंगाला कललंय. आत शिरलं की डाव्या हाताला ऑर्गन. भिंतीएवढं लाकडी कपाट म्हणा हवं तर, आणि त्यात नळ्याच नळ्या. काही बोटाएवढ्या, काही अशा की एखादा काका आत उभा करून वरून झाकण लावावं. ह्या जनावराला वाजायला वारा लागतो. तो वारा जन्मभर मी घातला.

ऑर्गनच्या कुशीला एक खोपटं आहे. दार लावलं की आत मी, भात्याचा लांब लाकडी दांडा आणि उंदीर. उंदीर म्हणजे दोरीला लटकलेला शिशाचा गोळा. दोरीचं दुसरं टोक आत भात्याला बांधलेलं. भाता फुगला की उंदीर खाली उतरतो, भाता रिकामा झाला की वर चढतो. फळीवर दोन रेघा कोरल्यात, त्या दोन रेघांमध्ये उंदराला खेळवत ठेवायचं. पलीकडे लोक देवाकडे बघत असायचे, मी उंदराकडे.

वाजवायची माझी थोरली बहीण. ताई. ती बाकावर, मी खोपट्यात, मधे फळी. बोलायची सोय नाही, म्हणून आमचा ठराव होता. ताईनं बुटाच्या टाचेनं खालच्या लाकडावर एक ठोका दिला की मी दांडा धरायचा. दोन ठोके आले की सोडायचा. दोन आल्याशिवाय सोडायचा नाही, मग छप्पर खाली का येईना.

"आणि भलत्या आवाजाला भुलायचं नाही," ताई बजावायची. "लोक पाय आपटतात, म्हातारे काठ्या पाडतात, पोरं बाकावर डोकी आपटून घेतात. तुला फक्त एक आणि दोन कळले पाहिजेत, माकडा. तेवढं तरी शिकलायस ना?"

फळीला एक भोक आहे, लाकडातली गाठ निघून पडलेलं. वाजवणाऱ्याची पाठ लोकांकडे असते, म्हणून वेदीपाशी काय चाललंय ते दिसायला बाकासमोर एक आरसा टांगलेला असतो. भोकाला डोळा लावला की त्या आरशात मला ताईची हनुवटी दिसायची आणि तिचं मिटलेलं तोंड. बास, तेवढंच. वाजवताना ती ओठ असे आवळून घ्यायची, की तोंडात टाचण्या धरून बसलेला शिंपीच वाटावा.

हे तोंड ध्यानात ठेवा.

२

चर्चच्या समितीचे एक अध्यक्ष आहेत. मी त्यांना भोंगा म्हणतो. आता सगळं गावच म्हणतं, आणि नाव कुणी ठेवलं ह्याचा शोध अध्यक्षसाहेब अजून लावतायत. आवाज असा, की ते बोलायला उभे राहिले की मनोऱ्यावरची कबुतरं आधी उडायची. बोलण्याआधी घसा खाकरायची त्यांची एक खास तऱ्हा होती. "अहं!" ते अहं ऐकलं की झोपलेले जागे व्हायचे आणि जागे झोपायच्या तयारीला लागायचे. प्रार्थना पाळकसाहेब म्हणायचे, पण ऐकू भोंगाच यायचा.

म्हातारपणी ताईची बोटं वाकडी झाली. एका रविवारी शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या ओळीत तिचं बोट घसरलं. एक पट्टी चुकली. तिनं परत घेतली, परत चुकली.

पहिल्या बाकावरून भोंगा उठला. "अहं! बस करा आता बाई. लोकांचे कान किटले!"

भरल्या चर्चमध्ये. पाळकसाहेब पुस्तकात काहीतरी हरवल्यासारखे पानं उलटत राहिले. ताईनं हात उचलले, उठली आणि सगळ्यांच्या मधून चालत घरी गेली.

मी आत दांडा धरून उभा. उंदीर रेघांच्या मधे. दोन ठोके आलेच नव्हते ना! किती वेळ तसा होतो देव जाणे. शेवटी पाळकसाहेबांनी दार किलकिलं करून सांगितलं, "अहो, सगळे गेले. सोडा आता."

त्या दिवसापासून ताई बोलली नाही. रुसली असेल, असं आम्हाला वाटलं. मी नाना चाळे केले. तिच्या चष्म्याला मिशा चिकटवल्या, चहात मीठ घातलं. ती मीठ घातलेला चहा शांतपणे प्यायली, तेव्हा मी चाळे बंद केले. डॉक्टरांनी तिच्या घशात बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे. आवाज नाही, एवढंच." थंडीच्या शेवटी ती गेली.

चर्चमध्ये तिला निरोप देताना ऑर्गन वाजला नाही. भोंग्यानं आधीच आवाजाची एक काळी पेटी आणून बसवली होती, बटण दाबलं की गाणं. बटण चुकलं आणि माझ्या बहिणीच्या शवपेटीपुढे लग्नाची धून लागली. ती बंद होईपर्यंत भोंगा हसू दाबत उभा होता. मग अहं करून इतका वेळ बोलला, की बाहेर खड्डा खणणारे फावड्यांवर बसून राहिले. शेवटी म्हणतो कसा, "बाईंचा आवाज आपल्यात कायम राहील."

मी तेव्हाही हसलो. मला काहीही झालं की हसू येतं, जन्मजात खोड आहे. पण पुढच्या हिशेबासाठी दात मी मोजून ठेवले होते, त्याचेही आणि माझेही.

३

मग बातमी आली की वारसा खात्याच्या बाई चर्च बघायला येणार. ही इमारत जपण्यासारखी आहे का, असली तर तिच्यातलं काय काय, हे त्या ठरवणार. एकदा त्यांनी ठरवलं की मग खिळासुद्धा त्यांना विचारल्याशिवाय ठोकता येत नाही म्हणे.

भोंग्याच्या अंगात आलं. ऑर्गनच्या मागच्या भिंतीत त्याच्या आजोबांच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. ऑर्गनमुळे ती कुणाला दिसत नाही. त्यानं समितीत मांडलं, की ऑर्गन मेलेला आहे, बाईंनीही तसं म्हटलं की तो काढायचा, म्हणजे पाटी मोकळी होईल. भंगारवाल्याला सांगूनही ठेवलं होतं.

मला रस्त्यात गाठून म्हणाला, "बहिणीची आठवण म्हणून एखादी नळी घरी न्या. फुलं ठेवायला बरी."

"न्यायला काय हरकत नाही, साहेब," मी म्हणालो. "तुमचा आवाज तेवढा आत भरून द्या. घरात एक पाल राहणार नाही."

तो गडगडाट करून हसला. मी पण हसलो. दोघं हसत हसत आपापल्या घरी गेलो. आमची घरं समोरासमोर आहेत, बरं का. त्याच्या व्हरांड्यातून माझं जेवणाचं टेबल दिसतं. तेही ध्यानात ठेवा.

मी बेत केला. साधा, पोरकट, माझ्यासारखाच. बाई आल्या की मी खोपट्यात दडून बसणार. सगळ्यात खर्जातल्या पट्टीत लाकडाची पाचर ठोकून ठेवणार. भोंगा म्हणाला "मेलाय", की मी दांडा मारणार, आणि ऑर्गन असा हंबरणार की भोंग्याच्या विजारीची परीक्षा व्हावी. ऑर्गन जिवंत आहे हे बाईंना कळेल. ताईचा ऑर्गन वाचेल आणि भोंग्याचं चारचौघांत हसं होईल. एका दगडात, जाऊ द्या, मोजत नाही.

अडचण एकच. भात्याचं कातडं तडकलं होतं. जुनं मऊ कातडं आणायचं कुठून? ताईचे बूट घरात होते, फक्त वाजवताना घालायचे ते. वरून लोण्यासारखं मऊ कातडं, खाली लाकडी टाचा. मी कात्री घेऊन बसलो.

"अहो, काय करताय?" आमची ही दारातून ओरडली. "गेलेल्या माणसाचे बूट कापतात का कुणी?"

"ताई असती तर तिनंच कात्री आणून दिली असती."

"ती असती तर तुमचं बोट कापलं असतं. टाचा तरी ठेवा!"

टाचा ठेवल्या. हिनं त्या फडक्यात बांधून कपाटात टाकल्या आणि कपाटाला कडी घातली.

४

दुपारी चर्चमध्ये कुणी नसतं. मी भात्याच्या खणात पोटावर सरपटत गेलो, सरस लावला, ठिगळं बसवली, अंगठ्यानं दाबून धरली. खिडकीतलं लाल-निळं ऊन फरशीवर पडलं होतं. धूळ, मेण, जुन्या लाकडाचा वास. कामाला हात मस्त लागला होता. शिट्टी मारत बाहेर आलो, खोपट्यात हात पुसत उभा राहिलो आणि शिट्टी तोंडातच राहिली.

उंदीर खाली येत होता.

दांड्याला मी हात लावला नव्हता. उंदीर सावकाश खालच्या रेघेपर्यंत आला, तिथे क्षणभर अडकल्यासारखा थांबला आणि सावकाश वर गेला. पुन्हा खाली, पुन्हा ती अडखळ, पुन्हा वर.

मी काही भित्रा नाही. लोकांना भिववण्यात आयुष्य गेलंय. म्हटलं, सरस वाळताना कातडं ओढतंय. म्हटलं, उन्हानं आतली हवा फुगत असेल. म्हटलं, मनोऱ्यातून वारा येतोय. तिन्ही कारणं चांगली होती. पण वारा असा वागत नाही. ती अडखळ मला पाठ होती. लहानपणी आम्ही एका खाटेवर झोपायचो. ताईचा श्वास वर जाऊन असाच थबकायचा आणि मी अंधारात वाट बघत पडायचो, की आता खाली येईल, आता येईल.

मला काही सुचलं नाही की मी चेष्टा करतो. तशीच केली. "काय गं ताई, झोपलीस काय?"

उंदीर थांबला.

अर्ध्यावर. दोरी ताठ. वर जाईना, खाली येईना. झोपलेल्या माणसाला कुणी हाक मारली की तो डोळे न उघडता ऐकत पडतो ना, तसा.

मी पाचर घेऊन बाकापाशी गेलो, आरशाकडे न बघता ती खर्जाच्या पट्टीत ठोकली आणि पाठ न वळवता उलटा चालत दारापर्यंत आलो. दारात पाळकसाहेब भेटले. म्हणाले, "व्यायाम चाललाय वाटतं?" मी हो म्हटलं.

५

बाई सकाळी आल्या. कानावर पेन्सिल, गळ्यात बॅटरी, पायात चिखलाचे बूट. मी आधीच खोपट्यात दडून भोकाला डोळा लावून होतो. आरशात रिकामा बाक आणि पलीकडे सरकणारी माणसं. उंदीर वर, गप. दिवसा सगळं कसं शहाण्यासारखं वागत होतं. माझी मलाच लाज वाटली.

भोंगा बाईंना फिरवत होता. आजोबांनी हे केलं, आजोबांनी ते केलं. पाळकसाहेब मागून होकार भरत होते.

"आणि हा ऑर्गन?" बाईंनी विचारलं.

"अहं! मेलाय तो. लाकडाचा सांगाडा आहे."

आत्ताच दांडा मारायचा होता. पण बाई बाकाजवळ आल्या आणि खुंट्यांवरून बोट फिरवू लागल्या. एकेक खुंटी ओढली की एकेका जातीच्या नळ्या बोलतात. म्हटलं, ऐकू तरी काय म्हणतात.

"अरे, ही आहे होय तुमच्याकडे!" बाई एकदम पोरीसारख्या खूष झाल्या. त्यांनी टोकाची एक खुंटी बाहेर ओढली. "ही फार थोड्या ठिकाणी उरलीय. माणसाचा आवाज म्हणतात हिला. कुणीतरी आत उभं राहून गातंय असं वाटावं, म्हणून ह्या नळ्या घडवायचे. वाजते का?"

ती खुंटी मला ठाऊक होती. ताई तिला मुकी म्हणायची. आमच्या हयातीत तिच्यातून नुसता वारा गेला, स्वर कधी आला नाही.

"ती कधीच वाजली नाही," भोंगा म्हणाला.

"वाजत असती तर मला विचारच करावा लागला नसता," बाई म्हणाल्या. "जे काढलं की ही जागा ही जागा उरत नाही, ते जपायचं. माझं काम एवढंच असतं. ही वाजली असती तर मी हिलाच सगळ्यात वर ठेवलं असतं. नुसत्या सांगाड्यासाठी मात्र मला भांडता यायचं नाही."

"बरोबर बोललात! खरं महत्त्वाचं आहे ते मागे. थांबा, दाखवतो."

ऑर्गनच्या अंगाला एक बुटकं दार आहे, नळ्या दुरुस्त करणाऱ्यासाठी. भोंग्यानं ते उघडलं आणि पोट आत ओढून नळ्यांच्या मधून आत घुसला. आतून त्याचा आवाज घुमला, "पाटी दिसतेय! या, बाई, डोकवा!"

"मी इथूनच बॅटरी मारते," बाई म्हणाल्या.

मी दांड्याला हात घातला. हीच वेळ. आत असतानाच हंबरडा फुटू दे लेकाच्या कानात.

तेवढ्यात बुटकं दार आपलं आपण मिटलं. बाहेरची लाकडी खिटी खाली पडली, टक्क.

आणि बाकाखाली टाचेचा एक ठोका पडला.

६

बाक रिकामा होता. टाचा माझ्या घरी फडक्यात बांधून, कडी घातलेल्या कपाटात होत्या. हे सगळं मला कळत होतं. पण एक ठोका आला की माझं डोकं विचार करायच्या आधी हात निघतो. हात निघाला. दांडा खाली, दांडा वर. उंदीर सरसर रेघेपाशी आला.

मी पाचरेच्या हंबरड्याची वाट बघत होतो. तो आलाच नाही.

गाणं आलं. मधूनच. शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या ओळीतून. आधी ती चुकलेली पट्टी. परत तीच, परत चुकलेली. मग थोडी शांतता आणि मग बरोबर पट्टी, दाबून, ठासून, असं की "हे बघ." आणि ओळ पुढे सरकली.

माझे केस, आहेत तेवढे, उभे राहिले. आणि खोटं कशाला लिहू, मला आनंदाचं भरतं आलं. मी दांडा असा मारला जसा विशीतसुद्धा मारला नसेल. वाजव, ताई! फोड त्याचे कान!

आतून भोंगा ओरडला, "कोण आहे? थांबवा! बस क—"

तो शब्द तिथेच तुटला. आणि खुंटी बोलली. मुकी. आधी नुसता वारा, मग वाऱ्यात खरखर, मग एक जाड, भरलेला, गडगडणारा स्वर. माणसाचा. ओळीबरोबर तो चढत गेला. प्रत्येक स्वराच्या आधी त्यात एक बारीकसा खाकरा होता. अहं. मग स्वर. अहं. मग स्वर.

आत नळ्यांवर, फळ्यांवर हात आपटत होते. धाड धाड धाड धाड. मी मोजायचा यत्न केला. एक नव्हता, दोनही नव्हते. भलत्या आवाजाला भुलायचं नाही, असं ताईनं बजावलेलं. मी नाही भुललो.

मी भोकाला डोळा लावला.

आरशात हनुवटी होती. ओळखीची, तिच्यावरच्या दोन पांढऱ्या केसांसकट. तोंड मात्र मिटलेलं नव्हतं. वासलेलं होतं, एवढं की ओठ पांढरे पडलेले. मला वाटलं ती गातेय. मग लक्षात आलं, गाणाऱ्याच्या तोंडातून हवा बाहेर जाते. आरशाची काच त्या तोंडापुढे धुरकट होत नव्हती. उलट, काचेवरची धूळ एकेक कण सुटून त्या तोंडाकडे चालली होती. आत. सगळं आत.

"आजोबा, सोडा!" खोपट्याचं दार उघडून बाई ओरडल्या. "आत माणूस आहे! तो गुदमरतोय!"

"दोन ठोके आले नाहीत," मी म्हणालो.

"सोडा म्हणते ना!"

"आले की सोडतो!"

बाई आणि पाळकसाहेब दोघांनी मिळून माझी बोटं एकेक करून दांड्यावरून सोडवली. गाणं शेवटच्या स्वराच्या अलीकडे येऊन तुटलं. एकच स्वर राहिला होता. एकच, हो.

दोन ठोके त्या दिवशीही आले नाहीत.

७

भोंगा नळ्यांच्या मधे फतकल मारून बसलेला सापडला. तोंड उघडं, अंगावर ओरखडा नाही. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे. आवाज नाही, एवढंच."

माझी पाचर खर्जाच्या पट्टीत जशीच्या तशी होती. बाकावर कोण होतं, असं पाळकसाहेबांनी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "कुणी नव्हतं." मग मी विचारलं, "आणि आरशात?" तेव्हा बाई चष्मा पुसत बसल्या. त्या चष्मा बराच वेळ पुसत होत्या.

पण बाई शब्दाच्या पक्क्या. चर्च जपायचं ठरलं आणि सगळ्यात वर ऑर्गन. आहे तसा, आहे तिथे. कुणी उघडायचा नाही, नळी हलवायची नाही, आत झाडूसुद्धा मारायचा नाही. हुकूम चर्चच्या दारावर लागलाय. आजोबांची पाटी आता जगबुडीपर्यंत झाकलेली.

रविवारी शाळेच्या बाई वाजवतात. मुकी खुंटी ओढली की परगावचे पाहुणे डोळे पुसतात. "काय आवाज आहे! अगदी आत कुणीतरी आहे असं वाटतं!" भोंगा पहिल्या बाकावर तोंड उघडून बसतो आणि स्वतःचं अहं ऐकतो. एकदा त्यानं माझ्या घरी येऊन माझी कॉलर धरली. छातीकडे बोट, चर्चकडे बोट, मग हात जोडले. ते दार उघड, माझा आवाज बाहेर काढ, असं म्हणत असावा.

"साहेब," मी म्हणालो, "वारसा आहे तो. हात लावता येत नाही."

असं बोलायला मिळावं म्हणून मी जन्मलो असेन. इथे संपवलं असतं तर माझीही हौस फिटली असती. पण उजव्या हाताचं सांगायचं राहिलंय.

त्यानं कॉलर धरली त्याच दिवशी जेवताना आमची ही म्हणाली, "हात का हलवताय?" बघतो तर उजवा हात टेबलाच्या कडेला वर-खाली, वर-खाली. दांडा धरल्यासारखी मूठ. मी दाबून बघितला, बसून बघितलं त्याच्यावर. थांबेना. शेवटी हिनं ओढणीनं खुर्चीला करकचून बांधला.

समोरच्या व्हरांड्यातून किंकाळी आली. भोंग्याची बायको. भोंगा खुर्चीतून खाली कोसळला होता, ओठ निळे, डोळे माझ्या खिडकीकडे लावलेले. हिनं गाठ सोडली. माझा हात हलला आणि त्याची छाती हलली. हात वर, छाती वर. श्वास वर जाऊन थोडा थबकायचा.

पहिल्यांदा मला हसू आलं. लई आलं. ह्याचा जीव माझ्या मुठीत! मी मुद्दाम हात रोखून धरायचो आणि समोरून तो कसा पाय झाडतो ते बघायचो. आमची ही म्हणाली, "तुमच्यात आणि त्याच्यात आता फरक काय उरला?" मी म्हटलं, "आवाज."

पण हात माझा आहे ना. झोपेतही चालतो. खांदा सुजलाय, बोटं ताईच्या बोटांसारखी वाकायला लागलीत. थांबवला तर तो मरणार, चालवला तर मी. ज्याला मी मातीत बघणार होतो, त्याला सकाळ-संध्याकाळ वारा घालतोय. एकदा चर्चमध्ये जाऊन आरशापुढे उभा राहिलो. म्हटलं, "ताई, त्याचं समजलं. मला कशाला?" आरशात माझं म्हातारं तोंड आणि मागे रिकामे बाक. उंदीर मात्र खोपट्यात माझ्या हाताबरोबर वर-खाली होत असलेला ऐकू येत होता.

ठराव ठराव असतो. दोन आल्याशिवाय सोडायचा नाही.

आज सकाळी आमची ही चहा ओतता ओतता थबकली. कपाटात काहीतरी पडलं, म्हणाली. पडलं नव्हतं. मला तो आवाज कळतो. फडक्यात गुंडाळलेला, पण लाकडाचा. एक ठोका.

समोर भोंगा खुर्चीतून अर्धा उठला. त्यालाही ऐकू गेलं, एवढा मोठा रस्ता मधे असून. तेव्हापासून तो तिकडे कठड्याला धरून उभा आहे आणि मी इकडे डाव्या हातानं हे लिहितोय. एक म्हणजे सुरू. पण सुरू तर मी आहेच. मग हा दोनातला पहिला असणार. चहावर साय धरली. ही कपाटासमोर उभी आहे, कडीला हात लावायचा धीर होत नाही तिला. भोंग्यानं मला हाताची दोन बोटं दाखवली आणि मान हलवली. नको, नको.

मी पण त्याला दोन बोटं दाखवली. हसलो. हात वर, हात खाली.

दुसरा अजून पडायचाय.